दुसऱ्यांच्या चाचण्या तपासणारे सर

सरांच्या शोकसभेत प्राचार्य म्हणाले की सरांनी अनेक आजारांच्या चाचण्या शोधून काढल्या आणि माळव्याचं नाव जगात नेलं. पहिल्या रांगेतल्या डॉक्टर मंडळींनी माना डोलावल्या. मी शेवटच्या रांगेत होते. सरांनी उभ्या आयुष्यात एकही चाचणी शोधली नाही. कोणाच्या नाडीला हात लावला नाही, कोणाला सुई टोचली नाही. रक्ताची बाटली नुसती पाहिली तरी त्यांना घेरी येई. दुसऱ्यांनी शोधलेल्या चाचण्या तिसऱ्याच लोकांनी कुठे कुठे करून पाहिल्या, आणि ते सगळे निकाल एकत्र केले तर त्या चाचणीवर किती भरवसा ठेवायचा, एवढंच ते ठरवत. देवासच्या बाहेर हायवेवर जे खाजगी मेडिकल कॉलेज आहे, तिथल्या दुसऱ्या मजल्यावर जिन्याशेजारच्या खोलीत बसून ठरवत. ते नक्की काय करतात हे तिथे कोणाला कधी कळलं नाही, आणि कळलेलं नाही याचा पुरावा प्राचार्यांनी माईकवरून दिला. सर असते तर म्हणाले असते, "एकाच सभेवरून कसं म्हणता? अजून दोन-चार होऊ द्या, मग एकत्र करू."

मी त्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझ्या वाट्याला सर आले ते डॉक्टरांनी नाकारल्यामुळे. त्यांच्या कामाचा नियम असा की चाचण्यांवर छापलेला प्रत्येक पेपर दोघांनी वाचायचा, वेगवेगळा, एकमेकांना न विचारता. आणि मग दोघांची मतं जुळतात का ते पाहायचं. हा दुसरा वाचक त्यांना मिळत नव्हता. कोणाही तरुण डॉक्टरला विचारलं की तो म्हणे, "सर, पेपर में मेरा नाम किस नंबर पे आएगा?" शेवटी ते एका दुपारी ग्रंथालयात आले आणि माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"बाई, तुम्हाला मराठी वाचता येतं?"

"येतं."

"इकडे ते दुर्मीळ झालंय. इंग्रजी?"

"येतं."

"वैद्यक?"

"मुळीच नाही."

"उत्तम. डॉक्टरांना पेपरात जे लिहिलेलं नसतं तेही दिसतं."

मग त्यांनी माझं आडनाव विचारलं, आणि ऐकल्यावर त्यांचा चेहरा किंचित उतरला. सर धारचे. त्यांचे पणजोबा धारच्या दरबारात कारभारी होते, आणि सर त्या नोकरीतून अजून निवृत्त झालेले नव्हते. माझे वडील सोलापूरकडून देवासला कारखान्यात नोकरीला आले. अशा आम्हा सगळ्यांना सर 'कंपनीवाले' म्हणत.

"म्हणजे तुम्ही परवा आलात."

"वडिलांना येऊन चाळीस वर्षं झाली, सर."

"तेच म्हणतोय. परवा."

त्यांच्या घरात अजून 'तीर्थरूप' आणि 'वन्सं' चालत, आणि बाहेर पडल्यावर सर रिक्षावाल्याला "कां भिया, चल रिया है क्या टेकरी तरफ?" असं विचारत. माझं शाळेतलं शुद्ध मराठी त्यांना परकं वाटे. त्यांचं मला जुन्या पेटीतल्या कापडासारखं वाटे. पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

काम सुरू झालं. समजा, क्षयाची एक नवी चाचणी निघाली आहे. कोणी ती केनियात करून पाहतो, कोणी पेरूत, कोणी ओडिशात. प्रत्येक जण छापतो: इतके आजारी आम्ही बरोबर पकडले, इतके निरोगी बरोबर सोडून दिले. कोणाचे आकडे कोणाशी जुळत नाहीत. मी ते पेपर शोधून आणायचे, दोघांनी ते वाचायचे, आणि मग सर संगणकाला जुंपून त्यातून एक उत्तर काढायचे. याला मी एकदा सरासरी म्हटलं. सरांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. चष्म्याशिवाय त्यांना हातभरावरचंही दिसत नसे, तेव्हा ते पाहणं केवळ माझ्या अपमानासाठी होतं.

दुसऱ्या दिवशी ते सोयाबीन चाळायची चाळणी घेऊन आले. दर वर्षी ती ते वर्गातही नेत. "दाणा म्हणजे आजारी, खडा म्हणजे निरोगी. भोकं मोठी केली तर खडा सगळा गळून जातो, पण बारीक दाणाही जातो. भोकं लहान केली तर दाणा सगळा वाचतो, पण खडाही वर राहतो. आता मला सांगा, प्रत्येक लेखकाच्या चाळणीची भोकं वेगळी. मग ह्याचे दाणे आणि त्याचे खडे वेगवेगळे मोजून सरासरी काढणार तुम्ही? दाणा वाढला की खडा वाढणारच. दोन्ही एकत्र तोलायचे, नाहीतर मुळीच तोलायचे नाहीत." मला ते पटलं. वर्गात मात्र दर वर्षी कोणीतरी विचारी, "सर, एग्ज़ाम में आएगा?" आणि सर प्रामाणिकपणे म्हणत, "नहीं." मग सगळा वर्ग मान खाली घालून मोबाईल पाहू लागे, आणि सर उरलेला तास चाळणीला शिकवत.

ती चाळणी विकत आणायला ते पूर्वी कधीतरी बदनावरच्या मंडीत गेले होते. सोबत त्यांच्या पत्नी होत्या, ज्यांना मी काकू म्हणते, आणि ही गोष्ट त्यांनीच मला सांगितली. चाळणी घेऊन दोघं निघाले तर वाटेत एक व्यापारी सोयाबीनची ओल मोजत होता. यंत्रात मूठभर दाणे टाकले, आकडा आला, व्यापारी म्हणाला, "गीली है." शेतकरी म्हणाला, "मशीन झूठ बोल री है." सर थांबले.

"ये मशीन ओल बताती है. पर असल में ओल कितनी है, ये कैसे तय किया?" सरांनी व्यापाऱ्याला विचारलं.

"मतलब?"

"दाना भट्टी में सुखाके, पहले और बाद में तौलके, मशीन से मिलाके देखा कभी?"

"बाबूजी," व्यापारी म्हणाला, "सोयाबीन लेना है कि मशीन से रिश्ता जोड़ना है?"

शेतकऱ्याला बळ आलं. तो म्हणाला, "साब सही के रिये हैं, भिया." सर लगेच त्याच्याकडे वळले. "और आपने कैसे तय किया कि सूखी है? दाँत से?" मग व्यापारी आणि शेतकरी दोघं मिळून सरांवर उखडले आणि सौदा पाच मिनिटांत पटला. काकू म्हणाल्या, "दोन भांडणाऱ्यांना एक करायचं असलं तर ह्यांना मध्ये उभं करावं."

हे फार खरं होतं. देवासच्या मराठी मंडळात जुनी दरबारी घराणी आणि आम्ही कंपनीवाले यांच्यात सतरंजी कोणी अंथरायची इथपासून वाद असत. एका गणपतीत कोणाच्या तरी दुर्बुद्धीने सरांना मोदक-स्पर्धेचे मुख्य परीक्षक केलं. सरांनी तीन परीक्षक तीन खोल्यांत बसवले, मोदकांवर नावांऐवजी खुणा घातल्या, कोणी कोणाशी बोलायचं नाही म्हणून दारात स्वयंसेवक उभे केले. शेवटी माईक हातात घेऊन जाहीर केलं की मोदकामोदकांत जेवढा फरक आहे त्याहून परीक्षकांत जास्त आहे, सबब कोणालाही पहिला क्रमांक देणं हे असत्य ठरेल. बक्षिसाचा कुकर खोक्यातच राहिला. त्या संध्याकाळी जुन्या घराण्यांतल्या बायका आणि कंपनीवाल्यांच्या बायका पहिल्यांदा एका सतरंजीवर बसल्या आणि एकमुखाने सरांना बोलल्या. मंडळाच्या इतिहासात इतकी एकी पुन्हा झाली नाही.

धारला त्यांची थोरली बहीण राहते, तिला ते जिजी म्हणत. जिजींच्या मुलीला एक चांगलं स्थळ आलं होतं. धारच्या गुरुजींनी पत्रिका जुळत नाही म्हणून सांगितलं. सर खास त्यासाठी बसने धारला गेले आणि गुरुजींसमोर पाटावर बसले. परत आल्यावर तो संवाद त्यांनी मला इतक्यांदा ऐकवला की मला पाठ आहे.

"गुरुजी, आजवर किती पत्रिका जुळत नाहीत म्हणून परत केल्यात?"

"मोजल्या नाहीत. शेकड्यांनी असतील."

"त्यांतली किती लग्नं पुढे विसकटली?"

"विसकटतील कशी? ती झालीच नाहीत."

"मग तुमचं 'नाही' बरोबर होतं, हे पाहिलं कोणी?"

गुरुजींनी शांतपणे पानाला चुना लावला. "अहो, आजवर एकही तक्रार आली नाही."

सर आठवडाभर खुशीत होते. "बाई, आपले निम्मे लेखक हेच करतात! चाचणीत जो आजारी निघाला त्यालाच पुढे नीट तपासतात. जो निरोगी निघाला त्याला घरी पाठवतात, आणि तो परत आला नाही म्हणजे निरोगीच होता असं छापतात." त्यांना आपल्या विषयाचा मूळपुरुष धारमध्ये सापडला होता. इकडे जिजींचं ते स्थळ गेलं, गुरुजी रुसले, आणि पुढच्या पत्रिकेसाठी उज्जैनहून माणूस आणावा लागला. ते सरांच्या हिशेबात कुठे बसलं नाही.

पेपर वाचायची आमची रीत कडक होती. ते खिडकीशी, मी कपाटांच्या टोकाला. वाचन चालू असताना त्या पेपराबद्दल अक्षर बोलायचं नाही. डबा खाताना सुद्धा हवेबद्दल बोलायचं. दोघांचं झालं की समोरासमोर बसायचं. मतं जुळली की सर हिरमुसत. जुळली नाहीत की त्यांचे डोळे चमकत, आणि मग तास-दीड तास एका ओळीवरून वाद चाले. इतकं मन लावून माझ्याशी आयुष्यात कोणी भांडलं नाही. ते गेल्यापासून मी पुस्तकं वाचते आणि बंद करते. समोर कोणी नसतं.

आम्ही सगळ्यांत जास्त पेपर कशावरून फेकले असतील तर ते 'माणसं कुठली' ह्या एका प्रश्नावरून. सर म्हणत, घरी सुखाने बसलेल्या माणसाला शिबिरात बोलावून तपासलं आणि चाचणी आजार आहे म्हणाली, तर फार घाबरू नये. त्या रांगेत बहुतेक जण निरोगीच असतात, आणि चाचणी अधूनमधून चुकते. पण जो माणूस दुखतंय म्हणून आपल्या पायाने दवाखान्यात आला, त्याच्या बाबतीत तीच चाचणी तेच बोलली तर त्याचा अर्थ फार वेगळा. ह्या दोन रांगा कधी एक करायच्या नाहीत. काही लेखक आपली माणसं कोणत्या रांगेतली ते लिहीतच नसत. अशा पेपरला सर 'बेवारस' म्हणत. मग मी त्या लेखकाला मेल करायची: आपले रुग्ण कुठून आले होते, त्यांना आधी काही त्रास होता का? एकाही लेखकाने कधी उत्तर दिलं नाही. सर म्हणत, "देणार नाहीत. माहीत नसतं म्हणून नव्हे. माहीत असतं म्हणून." आणि पेपर टोपलीत जाई.

गेल्याच्या गेल्या वर्षी कॉलेजची तपासणी होणार होती. तपासणीला येणाऱ्यांना दाखवायला काहीतरी हवं म्हणून व्यवस्थापनाने फर्मान काढलं की पन्नाशीपुढच्या सगळ्या कर्मचाऱ्यांचं आरोग्य-शिबिर घ्यायचं. शौचातून न दिसणारं रक्त जातं का ते पाहायची चाचणी होती. आतड्याच्या कॅन्सरची पहिली चाळणी म्हणून ती करतात. प्रत्येकाला एकेक डबी मिळाली. जन्मभर दुसऱ्यांची पोटं फाडणारे सर्जन ती डबी खिशात लपवून हिंडू लागले. एका विभागप्रमुखांना अचानक रजा घ्यावी लागली. सरांनी मात्र आपली डबी सगळ्यांच्या आधी नेऊन दिली. आम्ही म्हटलं, विषयावरचं प्रेम.

पाच-सहा जणांचा निकाल पॉझिटिव्ह आला. त्यांत सर होते. बाकीच्यांना बायकांनी हाताला धरून इंदूरला नेलं, आतड्याची दुर्बिणीने तपासणी झाली, कोणाचं काही निघालं नाही, मूळव्याध तेवढी निघाली. सर गेले नाहीत. ते ग्रंथालयात आले, आणि एखादा नवा अभ्यास मांडावा तसा त्यांनी स्वतःचा निकाल टेबलावर मांडला.

"शिबिरात पॉझिटिव्ह आलेल्या शंभर माणसांत खरे आजारी किती, बाई? बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे उगीच दुर्बीण गिळतात."

"ती गिळत नाहीत, सर."

"तपशील सोडा. हिशेब तपासा. दुसरा वाचक आहात."

मी कपाटांच्या टोकाला बसले. ज्या अभ्यासांवरून त्यांनी आकडे घेतले होते ते पाहिले, जोडणी पाहिली. कुठे काही चूक नव्हती. माझं उत्तर त्यांच्या उत्तराशी तंतोतंत जुळलं.

"एकमत!" सर म्हणाले आणि दोन्ही हात चोळले. मतं जुळल्याचा आनंद झालेला मी त्यांना तेव्हा पहिल्यांदाच पाहिला.

मग ते येईल त्याला हा हिशेब समजावू लागले. प्राचार्यांना, क्लार्कला, कॅन्टीनवाल्याला. कॅन्टीनवाला म्हणाला, "सर, एक बार दिखा लेने में क्या जा रिया है?" सर त्याला म्हणाले, "तुम औसत आदमी की तरह सोच रहे हो," आणि चहा न घेताच उठले.

अशाने महिना गेला. एका दुपारी काकू ग्रंथालयात आल्या. सर धारला जिजींकडे गेले होते. काकू कधी कॉलेजात येत नसत. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसल्या.

"अगं, हे संडास धुतात."

मला कळेना. "म्हणजे?"

"रोज. स्वतः. ॲसिड घालून. संक्रांतीपासून चाललंय. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने प्यायलेला पेला उचलून मोरीत ठेवला नाही, आणि आता ब्रश घेऊन आत बसतात. मी म्हटलं, चला, म्हातारपणी सुधारले. जावेला फोन करून सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, नशीबवान आहात."

"मग?"

"मग पट्टा. खिळा तापवून पट्ट्याला नवीन भोक पाडलं. मग आणखी एक. विचारलं तर म्हणतात, चामडं सैल होतं. चामडं!" त्या थांबल्या. "परवा पंचा वाळत घालताना पाहिला मी. स्वतः धुतला होता ह्यांनी, घासघासून. पण कळतं की गं. बायकांना रक्ताचा डाग नाही कळणार?"

मी हातातलं पुस्तक मिटलं.

"मी विचारलं तर मला शंभर माणसांचं सांगतात. तू विचार. तुझं ऐकतात ते."

ते माझं कधी ऐकत नसत, माझ्याशी भांडत असत. पण त्यातला फरक काकूंना सांगण्याची ती वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी सर आले, खिडकीशी बसले. मी माझी जागा सोडून त्यांच्यासमोर गेले.

"सर, तुमच्या हिशेबाबद्दल एक शंका होती."

"विचारा, विचारा."

"त्यात माणूस कुठला धरलाय?"

"शिबिरातला. स्पष्ट आहे."

"त्याला आधीपासून काही त्रास नव्हता?"

सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. "तसा उल्लेख नाही."

"उल्लेख नाही म्हणजे त्रास नाही, असं आपण धरत नाही."

"नाही. धरत नाही."

"मग लेखकाला विचारायला हवं."

"लेखक उत्तर देत नसतात, बाई. तुमच्याइतकं हे कोणाला ठाऊक?"

"हा लेखक माझ्यासमोर बसलाय, सर."

ते खिडकीबाहेर पाहू लागले. हायवेवरून सोयाबीनचे ट्रॅक्टर चालले होते. मग ते म्हणाले, "तुमच्या काकू आल्या होत्या तर." मी हो म्हटलं.

"शिबिरातला माणूस म्हणून बसलो ना, की सगळे आकडे माझ्या बाजूने येतात. केनिया, पेरू, सगळे. इतके लोक एकदम माझ्या बाजूने आयुष्यात कधी आले नाहीत."

"आणि दुसऱ्या रांगेत बसलात तर?"

"तो हिशेब मी केलेला नाही."

"मी करू?"

"नको," सर म्हणाले. मग फार हळू, "बाई, नको."

जगभरच्या किती लेखकांचे पेपर ह्या माणसाने ह्याच एका लबाडीसाठी टोपलीत टाकले होते. तेव्हा मला राग आला, आणि अजून येतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण ते गेले नसते तर मी रागावले असते का, हेही मला नीट सांगता येणार नाही. त्यांनी घातलेला घोळ अडाण्याला जमला नसता. रांगा दोन असतात हेच ज्याला माहीत नाही तो चुकीच्या रांगेत लपणार कसा?

माझ्याच्याने त्यापुढे काही झालं नाही. जे केलं ते काकूंनी केलं. दोन दिवसांनी सर मला एका नव्या पेपराबद्दल सांगत होते, एवढ्यात त्या दारात उभ्या राहिल्या. हातात पिशवी, पायात बाहेरच्या चपला.

"उठा. गाडी खाली उभी आहे."

"कुठे?"

"इंदूरला. नंबर लावलाय."

"तुला मी समजावून सांगितलं होतं, शंभर माणसांत—"

"शंभर राहू द्या. शंभरांचा स्वयंपाक मी करत नाही."

"हा काही युक्तिवाद नव्हे," सर माझ्याकडे पाहत म्हणाले.

"नाहीच," काकू म्हणाल्या. "चपला घाला. आणि तू पण चल गं. हे तिथे डॉक्टरला शिकवायला लागले तर मला त्यातलं कळायचं नाही."

गाडीत सर पुढे बसले. ड्रायव्हरने विचारलं, "बाबूजी, हॉस्पिटल में कौन भरती है?" सर म्हणाले, "अभी तय नहीं." मग इंदूर येईपर्यंत एकच चाललं होतं. काकू पिशवीतून चिवड्याचा डबा काढत, मला देत, पुढे सरांच्या खांद्यावरून धरत, सर मानेनेच नको म्हणत.

दुर्बिणीत पुढे काय दिसलं ते शोकसभेवरून कळलंच आहे. मला त्या दिवशीची डॉक्टरची खोली आठवते. डॉक्टर तरुण होता, आमच्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. त्याने रिपोर्ट पाहिला आणि तो हसला, चांगल्या मनाने हसला.

"कैंप वाला पॉज़िटिव है, अंकल. ऐसे हमारे पास बहुत आते हैं, ज़्यादातर कुछ नहीं निकलता. वैसे तो कोई तकलीफ़ नहीं है न?"

सरांना पाहिजे होती ती रांग त्याने आपण होऊन पुढे केली होती. फक्त 'नाही' म्हणायचं होतं. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी टेबलाची कड धरली होती आणि कोणीतरी मागून ढकलल्यासारखे ते किंचित पुढे झुकले होते.

"है," ते म्हणाले.

"क्या होता है?"

"खून जाता है. आँख से दिखता है. वज़न भी उतरा है."

डॉक्टरचं हसू गेलं. त्याने पेन उचललं. "कब से?"

काकू संक्रांत सांगायला पुढे सरल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलंही होतं.

"दशहरे से," सर म्हणाले.

डॉक्टर लिहू लागला. काकू तशाच राहिल्या, अर्धवट पुढे झुकलेल्या. मग त्या सावकाश मागे टेकल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"दसऱ्याला तर," त्या मला म्हणाल्या, "ह्यांनी श्रीखंड दोनदा मागून घेतलं होतं."